मागच्या डाव्या सीटवर

माझं काम आवाज काढून टाकण्याचं.
कुणी विचारलं तर एवढंच सांगते,
आणि लोक म्हणतात, मग आमच्या सोसायटीच्या मीटिंगला ये एकदा.

गाडी अजून बिननावाची.
अंगावर काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांचं कातडं,
कुणी फोटो काढलाच तर त्याला
नुसता आकाराचा संशय यावा.
सव्वापाच मीटर लांब. मागची चाकंही वळतात,
दहा अंश, पुढच्यांच्या उलट,
म्हणून रबाळ्याच्या आमच्या गल्लीत
जिथे टेम्पोवाला गोवर्धन रोज तीनदा मागेपुढे करतो
ती एका दमात वळली
आणि टपरीवरचे सगळे उठून उभे राहिले.

पुढच्या काचेमागचा कॅमेरा
वीस मीटर आधी खड्डा वाचतो.
निरोप जातो, आणि चाक पाय उचलून घेतं
झोपलेल्या पोरांना ओलांडणाऱ्या बाईसारखं.
हे फिरोजचं काम. माझं नाही.
माझ्या वाट्याला काचा: दोन थर, मध्ये पातळ पापुद्रा.
टायरच्या पोटातला स्पंज.
उशीतले स्पीकर, जे रस्त्याच्या घरघरीला
तिचीच उलटी घरघर ऐकवतात
आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात.

अकरा आठवडे एका 'टिक्'च्या मागे गेले.
बासष्टच्या वेगाला यायची, चौसष्टला नाही.
उड्डाणपुलाच्या सांध्यांवर. तेही फक्त सकाळी.
मी डिकीत झोपून ऐकलं.
डॉक्टरची नळी दाराला लावली.
शेवटी पट्ट्याच्या खाचेत सापडली एक क्लिप,
तांदळाच्या दाण्याएवढी.
तिला फेल्टचं टोपडं घातलं.
त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले,
कुणाला नीट कळलं नाही कशाचे.

रविवारी आबांना नेलं.
फॉर्मवर लिहिलं: ज्येष्ठ प्रवासी, चढ-उतार चाचणी.

आबा एकतीस वर्षं प्रेस शॉपला,
ठाणे-बेलापूर रोडवर, जिथे आता काचेची इमारत आहे
आणि तिच्या चौथ्या मजल्यावर मी.
(त्याही आधी तिथे आमचं भाताचं खाचर होतं,
पण ते आबा सांगतात, मी पाहिलेलं नाही.)
दोनशे टनांची प्रेस. मिनिटाला चौदा ठोके.
कानात घालायला कापूस मिळायचा,
महिन्यातून एकदा, सही करून.
घरी जेवताना ते ओरडून मीठ मागायचे.
आम्हाला वाटायचं, रागावलेत.

दार त्यांनी ओढायच्या आत आपणहून मिटलं.
त्यांनी हात मागे घेतला, चोरी पकडल्यासारखा.
मग बराच वेळ सीटच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिले.

पाम बीच रोड. ताशी साठ.
मीटरवर चोपन्न डेसिबल, आमचा विक्रम.
मी आरशात बघत होते, शाबासकीची वाट बघत.
किल्ले जंक्शनच्या अलीकडे त्यांचा हात कानावर गेला.
मग दुसरा, दुसऱ्या कानावर.

"काय झालं, आबा?"
"गाडी शिट्टी मारते ना गो?"
मी मीटर पाहिला. पुन्हा पाहिला.
मग गाडी कडेला घेतली, मागे वळून
त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं,
"नाही आबा. गाडीत काहीच वाजत नाही."

"मंग मीच वाजतोय."

हसले थोडं. मग म्हणाले,
"काच खाली कर बाय."

केली.
खाडीचा वास आला, डंपर आले,
कुणाचा तरी फाटका सायलेन्सर,
माझे अकरा आठवडे बाहेर गेले.
आबांनी मान मागे टाकली, डोळे मिटले,
आणि बेलापूर येईपर्यंत
त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

सोमवारी अहवाल भरला.
सगळे आकडे चांगले. शेवटच्या रकान्यात लिहिलं:
मागची डावी काच पूर्ण खाली यायला
पाच सेकंद लागतात.
फार होतात.